"काही नाही, जाऊ दे"



नवविधा भक्तीत पहिली येते ती श्रवणभक्ती. समर्थांनी दासबोधात चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणाला दिला आहे. कीर्तन, स्मरण, पादसेवन हे सगळं त्यानंतर. हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यात काही विचारण्यासारखं उरलेलं नाही असंच वाटतं. पण एक गोष्ट विचारायची राहिलीच आहे. ज्याच्या कानाला नीट ऐकू येत नाही, त्या लेकराने ही पहिली पायरी चढायची कशी? आणि त्याला चढता आली नाही, तर ते त्याच्या कानामुळे, की पायरीवर गर्दी करून गलका करणाऱ्या आपल्यामुळे?

हे आज लिहिते आहे, कारण आपल्या घरांमधून कानाला मशीन लावलेली मुलं आता दिसू लागली आहेत. अशी मुलं पूर्वीही होती, पण लोक त्यांना चारचौघांत आणत नसत. आता आणतात, ही मोठीच गोष्ट झाली. पण आणल्यानंतर पुढे काय होतं, ते जरा बघा. रविवारच्या बैठकीत ते मूल आईच्या मांडीला टेकून दोन तास बसतं. वर पंखे, मागे बायकांची कुजबुज, बाजूला लहानग्यांची पळापळ, चहाच्या कपांचा खणखणाट, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून घुमणारा आवाज. घरी गेल्यावर आजी विचारते, "काय सांगितलं रे आज?" आणि ते म्हणतं, "छान होतं."

घरच्यांचा समज असा, की मशीन लागलं म्हणजे काम झालं. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येणार. इथेच घोटाळा आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात अगदी सूक्ष्म केसांच्या पेशी. नळीचा एक भाग जाड आवाजाचा, दुसरा बारीक आवाजाचा, अशी कामाची वाटणी असते. या पेशी बिघडल्या की आवाज नुसता लहान होत नाही, तो पसरतो. आपल्या सुरतेत हे पटकन समजेल. प्रिंटिंगमध्ये रंग फुटला की साडीवरचं फूल पसरतं. अशी साडी डोळ्यांजवळ धरली तर पसरलेलं फूल मोठं दिसेल, नेमकं दिसणार नाही. मशीन आवाज मोठा करतं. आईचा आवाज मोठा करतं, तसाच मिक्सरचा आणि बाहेरच्या रिक्षाचाही. नव्या मशीनमध्ये समोरचा आवाज जास्त घेण्याची आणि गोंगाट थोडा दाबण्याची सोय असते. तिचा उपयोग होतो, पण तिलाही मर्यादा आहे.

कॉक्लिअर इम्प्लांटचंही तसंच. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्या डॉक्टरांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव आदराने घेतलं जातं, 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरीब घरच्या मुलांना यासाठी मदत मिळते. ज्या मुलांना काहीच ऐकू येत नव्हतं ती या इम्प्लांटमुळे बोलू लागली, हे खरंच आहे. पण काही हजार केसपेशींचं काम त्यात फार तर बावीसेक इलेक्ट्रोड करत असतात. शांत खोलीत ते काम सुंदर चालतं. लग्नाच्या मांडवात तेच मूल पुन्हा एकटं पडतं.

आता भाषेचं बघा. आ, ई, ओ हे स्वर जाड आणि दमदार असतात. स, श, ख, थ, फ हे व्यंजनांचे आवाज बारीक आणि दुबळे. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवरच अवलंबून. "सात", "साठ", "आठ" हे तीन शब्द पंखा चालू असताना दुसऱ्या खोलीतून म्हणून बघा, उरतो तो नुसता "आ". ओठांकडे बघून समजेल म्हणावं, तर "पान", "बाण" आणि "मान" हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. "क" आणि "ग" तर घशाजवळ तयार होतात, ते दिसतच नाहीत. म्हणजे मुलाला अर्धं कानाने, अर्धं डोळ्यांनी गोळा करायचं असतं आणि उरलेलं अंदाजाने भरायचं असतं.

या अंदाज भरण्यात एक फार मोठा फरक आहे, जो मलाही बऱ्याच उशिरा एका कानाच्या तपासनीस बाईंनी समजावला. आपल्या आबांनाही वयामुळे कमी ऐकू येतं. पण आबांकडे सत्तर वर्षांचे शब्द साठलेले आहेत. "पंढरपूरला आषाढी..." एवढं कानावर पडलं की "वारी" ते आपोआप भरून घेतात. सहा वर्षांच्या मुलाने जो शब्द आधी कधी नीट ऐकलेलाच नाही, तो तो भरणार कुठून? म्हणून तपासनीस सांगतात, की निरोगी कानाच्या मोठ्या माणसाला बोलणं आणि गोंगाट सारख्याच जोराचे असले तरी भागवता येतं, पण या मुलांसाठी बोलणं गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबलने वर हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच म्हटलं होतं, की वर्गात शिकवणं चालू असताना मागचा गोंगाट 35 डेसिबलच्या वर नसावा. 35 म्हणजे हलकी कुजबुज. आमच्या वर्गात एकटे पंखेच त्याच्या वर जायचे. माझी तीस वर्षं मराठी शाळेत गेली, म्हणून हे खात्रीने सांगते.

लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथे आपली बहुतेक घरं. खानदेशातून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली ही माणसं, एका खोलीत पाच-सहा जण. टीव्ही चालू, शिलाई मशीन चालू, भिंतीपलीकडे कुणाचा तरी लूम. अशा घरात 15 डेसिबलचा हिशेब कुणी कसा ठेवायचा? पैशाने सगळं विकत घेता येत नाही आणि बंगला बांधा असं कुणी म्हणतही नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तो पैशाचा नाही, मनाचा आहे.

सगळे जेवायला बसलेत. काका काहीतरी बोलतात आणि सगळे खो-खो हसतात. मूल सगळ्यांच्या तोंडाकडे बघतं आणि विचारतं, "काय म्हणाले काका?" आणि आई, ताई, काकू, जी जवळ असेल ती म्हणते, "काही नाही, जाऊ दे." यात कुणाचा वाईट हेतू नसतो. घास तोंडात असतो, विनोद पुन्हा सांगितला की त्याची मजा जाते, आणि खरंच ते काही महत्त्वाचं नसतं.

पण महत्त्वाचं नव्हतं, हे ठरवलं कुणी? बाकी सगळ्यांना ते ऐकून मग ठरवायला मिळालं. या एकट्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवलं. मला यात फार मोठा अन्याय दिसतो, आणि तो दिवसातून वीसदा होतो म्हणून दिसेनासा झाला आहे. घरातल्या मुलाच्या ताटात आपण असं करू का? सगळ्यांना भाजी वाढायची आणि त्याला म्हणायचं, "तुला नको, काही खास नव्हती." हात थरथरेल आपला. शब्दांच्या बाबतीत थरथरत नाही.

बरं, मूल तरी किती वेळा विचारणार? चौथ्यांदा विचारलं की कुणीतरी वैतागतं. मग ते शिकतं. सगळे हसले की हसायचं, सगळ्यांनी मान हलवली की मान हलवायची. बाई विचारतात "कळलं?", ते म्हणतं "हो." पाहुणे म्हणतात, "किती शहाणा आहे, काही त्रास देत नाही." आपण परिवारात मुलांना सत्य बोला म्हणून शिकवतो, आणि याच मुलांना आपला गोंगाट दिवसभर एक खोटं बोलायला लावतो. "कळलं" हे ते खोटं. मुलाला यात पाप लागतं असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या तरी खात्यावर ते जमा होत असणारच.

अभिमन्यूची गोष्ट आपण पोथीत ऐकतो. आईच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरायचं कसं ते ऐकलं, बाहेर पडायचं कसं ते ऐकायच्या आधी सुभद्रेला झोप लागली. आपण म्हणतो, नशीब. पण अभिमन्यूला कमी अक्कल होती असं कुणी म्हणत नाही. त्याच्यापर्यंत अर्धंच पोहोचलं, एवढंच. वर्गात मागच्या बाकावर बसलेलं मशीनवालं मूल गणिताची पहिली पायरी ऐकतं, मग बाहेरून ट्रक जातो आणि दुसरी पायरी त्यात बुडते. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो: "लक्ष देत नाही." एका ओळखीच्या घरात असा शेरा तीन वर्षं येत राहिला. मुलगी दिवसभर इतकं लक्ष द्यायची की चार वाजता घरी येऊन दप्तर न काढताच झोपायची. ऐकण्याची अशी मजुरी करून थकलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांना आळशी म्हणू नये.

आता दुसरी बाजू. आपल्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक दादा म्हणाले, "एका पोरासाठी शंभर जणांनी गप्प बसायचं का? जग काही त्याच्यासाठी थांबणार नाही, गोंगाटात राहायची सवय त्यालाच करायला पाहिजे." दादा मनाचे कठोर नाहीत आणि त्यांचं बोलणं अगदी टाकाऊही नाही. गोंगाटात ऐकायचा सराव असतोच, शिक्षक तो करून घेतात. आधी शांत खोलीत शब्द पक्के, मग हळू आवाजात रेडिओ लावून तेच शब्द, मग जरा मोठ्याने. पण क्रम बघा, आधी शांतता. पोहणं पाण्यातच शिकावं लागतं हे बरोबर, म्हणून कुणी लेकराला पावसाळ्यात तापीच्या पुरात सोडत नाही.

आणि "शंभर जणांनी" हा हिशेबही मला नीट वाटत नाही. शंभरात आबा आहेत, ज्यांना शेवटच्या रांगेत काही कळत नाही पण ते सांगत नाहीत. सर्दीने कान दडलेलं बाळ आहे. बारा तास लूमच्या खात्यात काढून आलेला भाऊ आहे, ज्याच्या कानात अजून खटखट चालू आहे. शांतता एकासाठी मागितली तरी ती घेणारे पुष्कळ निघतात. पण खरं सांगायचं तर, एकही दुसरा निघाला नसता तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं. आपण श्रवणाला पहिली भक्ती म्हणतो ना? मग ज्याला ती सगळ्यात अवघड जाते, त्याच्यासाठी सभा जरा वळायला नको?

लूमच्या भावावरून आठवलं. या सगळ्यात मला सगळ्यात हुशार कोण वाटतात, तर आपले खात्यातले कारीगर. लूमचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो, तिथे ओरडून उपयोग नसतो. म्हणून कारीगर आधी खांद्याला हात लावतो किंवा समोर येऊन हात दाखवतो. समोरच्याचं लक्ष आलं की मगच बोलतो, तेही तोंडासमोर तोंड आणून. शब्द मोजके, बोटांनी आकडा, मानेने हो-नाही. समोरच्याला कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न किंचाळता दुसऱ्या शब्दांत सांगतो. शहरातले तज्ज्ञ पैसे घेऊन आईबापांना हेच शिकवतात! ज्या बापाला हे खात्यात रोज येतं, तोच घरी आल्यावर मोबाइलमध्ये बघत, पाठमोरा, दुसऱ्या खोलीतून पोराला हाक मारतो आणि म्हणतो, "ऐकतच नाही हा." विद्या घरात आहे. नुसती खात्यातून घरी आणायची आहे.

अंतराचंही असंच. मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे एक मीटरवरून चार मीटरवर गेलं की 12 गेले. पंधराच हवे होते, त्यातले बारा नुसते उठून पलीकडे जाण्यात घालवले. ओरडून ते भरून येत नाहीत, कारण ओरडलं की स्वरच वाढतात, ती बिचारी व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात, आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो ते वेगळंच. चार पावलं चालत जाणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. स्वयंपाकघरात असाल तर गॅसजवळून पोराला गोष्ट सांगू नका. कुकर, मिक्सर, नळ आटोपू द्या, मग त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सांगा. दहा मिनिटं, पण पूर्ण शांत.

आपल्या सभागृहाचं मात्र जरा जास्त बोलावं लागेल. खाली फरशी, वर पत्रा, चारही भिंती टाइल्सच्या. दिसायला स्वच्छ, पण आवाज आदळून आदळून परत येतो आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. आपल्याला तो घुमारा भारदस्त वाटतो. मशीनवाल्या मुलाच्या कानात त्याचा चिखल होतो. सुरतेत राहून कापडाला काय तोटा? पातळ साडीच्या पडद्याने फारसं होत नाही, जाड कापड हवं, आणि चुण्या पाडून लावलेलं. खाली सतरंज्या, जुन्या गोधड्या. खुर्च्या सरकवताना जो करकर आवाज होतो तो तर चिंध्यांनी बंद होतो, पायांना गुंडाळून बांधल्या की झालं. परदेशात शाळांमधून खुर्चीच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू चिरून बसवतात. आपल्याकडे मार्केटमधून पोत्याने चिंध्या मिळतील.

आणि स्पीकरचा आवाज कमी करायला हवा, हे म्हटलं की नाराजी येते, तरी म्हणते. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा-दवाखान्यांभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र सांगितलं, रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी घातली. भिंतीच्या आतल्या आवाजाकडे कायदा फारसा बघत नाही, तिथे आपणच कायदा. स्पीकर मोठा केला की मागचे लोक आणखी मोठ्याने बोलतात, ही माणसाची सवयच आहे. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ती 1911 मध्ये नोंदवून ठेवली. मग स्पीकर आणखी मोठा. या चढाओढीत हरतं ते मूलच. त्याला स्पीकरजवळ नको, बोलणाऱ्याजवळ बसवा, जिथून चेहरा दिसेल आणि चेहऱ्यावर उजेड असेल. कुणी म्हणेल, याला रोज पुढची जागा का? ज्याला पुढूनच कळतं त्याला पुढची जागा देणं म्हणजे मान दिला असं होत नाही. आजारी माणसाला पथ्याचं ताट वेगळं वाढतो, तेव्हा पंक्तिभेद केला असं कुणी म्हणत नाही.

काही घरांनी मुलाला खुणांची भाषा शिकवायचं ठरवलं आहे. त्यांच्याकडे दयेने बघू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिच्यासाठी दिल्लीत 2015 पासून स्वतंत्र केंद्र आहे, आणि गोंगाटाची बाधा न होणारी ती भाषा आहे. डीजे वाजत असताना मांडवात निवांत गप्पा मारणारं कुणी असेल तर तेच. बोलणं आणि खुणा दोन्ही शिकलेलं मूल मला तरी दुप्पट श्रीमंत वाटतं. डॉक्टरांमध्ये यावर मतभेद आहेत, ते असू देत. मुलाला कळतंय की नाही हे बघावं.

ज्यांना अजून शंका आहे त्यांच्यासाठी एवढंच: बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा क्रम डॉक्टर सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत विचारा. "याचे बाबाही उशिराच बोलले होते" या भरवशावर दोन वर्षं घालवू नका.

शेवटी त्या लहान माइकबद्दल. एका घराने शाळेसाठी असा माइक घेतला आहे. बोलणाऱ्याने तो गळ्यात अडकवायचा, आवाज हवेतून न येता थेट मुलाच्या मशीनमध्ये जातो, म्हणजे बोलणारा खोलीत कुठेही असला तरी कानापासून वीतभर अंतरावर असल्यासारखा. महाग आहे, पण गोंगाटावर आज याच्याइतकं उपयोगी दुसरं साधन नाही. रविवारी त्यांनी तो बैठकीत आणायचं कबूल केलं आहे. प्रवचन करणाऱ्यांनी तो शर्टाला लावावा. श्रोत्यांतून कुणी प्रश्न विचारला तर प्रश्न आधी माइकमध्ये पुन्हा म्हणावा, नाहीतर मुलाला नुसतीच उत्तरं ऐकू येतील. आणि बैठक संपल्यावर आठवणीने काढून बंद करावा. शाळेत एका बाईंनी तो तसाच ठेवून ऑफिसात गप्पा मारल्या होत्या, आणि वर्गात बसलेल्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं स्पष्ट ऐकू आलं.

आरतीच्या वेळी झांजा सुरू झाल्या की ते मूल स्वतःच मशीन काढून हातात धरतं आणि निरांजनाकडे बघत उभं राहतं. त्याच्या आईने विचारलं, "लावायला सांगू का?" मी म्हटलं, राहू द्या. आरती संपली की मात्र समोर जा, खांद्याला हात लावा, आणि आज प्रसाद कुणाच्या घरचा आहे ते त्याला सांगा.